कूळ आणि खोरं

वऱ्हाडात दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "कोनचं गाव जी?" गावाचं नाव कळलं की तालुका कोणता, नदीच्या अलीकडचं की पलीकडचं, बाजार कुठला, सोयरपण कुठं, हे सगळं ओळीनं येतं. दुसरा प्रश्न जरा थांबून, आडनावावरून अंदाज घेत येतो: "मंग तुम्ही कोनातले?" पहिला प्रश्न खोऱ्याचा आहे, दुसरा कुळाचा. अमरावती-अकोल्याकडचा माणूस स्वतःला वऱ्हाडी म्हणवतो तेव्हा ही दोन्ही उत्तरं त्याच्या मनात एकमेकांत मिसळलेली असतात. आपण इथले, कारण आपले पूर्वज इथले. आणि पूर्वज इथले, म्हणून आपलं रक्त इथलं, अशी ती साखळी असते. ही साखळी ओढून पाहिली तर पहिली कडी पक्की निघते आणि शेवटची निखळते. माझं म्हणणं असं की वऱ्हाडी ही प्रदेशानं दिलेली ओळख आहे, ती वंशातून आलेली नाही. जे आपण अस्सल वऱ्हाडी म्हणून मिरवतो, त्यातलं पुष्कळसं बाहेरून आलेल्यांनी घडवलेलं आहे. हे मान्य केल्यानं आपली ओळख पातळ होत नाही, उलट तिला खरा पाया मिळतो.

हा प्रश्न आज उकरून काढायला कारण आहे. कुळांचे इतिहास छापून ज्ञातीच्या मेळाव्यांत वाटले जातात. कुणी आपलं मूळ रजपुतान्यात दाखवतं, कुणी अयोध्येत, कुणी पैठणला. थुंकीचा नमुना पाठवला की वंशाचे टक्के काढून देणाऱ्या कंपन्याही आता हाताशी आहेत. दुसरीकडे स्वतंत्र विदर्भाची चर्चा निघाली की "मूळचे कोण आणि उपरे कोण" हा सूर हमखास लागतो. तेव्हा वऱ्हाडी माणूस नेमका कशानं वऱ्हाडी ठरतो, याचा हिशेब एकदा नीट मांडलेला बरा.

पाण्याची वाट

सुरुवात भूमीपासून करू. उत्तरेला सातपुड्याची गाविलगडची रांग आणि तिच्या कुशीतला मेळघाट. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरांचं पठार, म्हणजे बालाघाट. आणि या दोहोंच्या मध्ये पूर्णा नदीचं सपाट, काळं खोरं, म्हणजे पयानघाट. सातपुड्यातून चंद्रभागा, शहानूर, वाण खाली उतरतात. बालाघाटातून मोर्णा, मन, काटेपूर्णा उत्तरेकडे येतात. साऱ्या पूर्णेला मिळतात. पूर्णा पश्चिमेला जाते, चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तिचं पाणी अरबी समुद्रात पोचतं. पण बुलडाण्याच्या घाटमाथ्यावर उगम पावणारी पैनगंगा पूर्वेची वाट धरते, वर्धेला मिळते आणि शेवटी तिचं पाणी बंगालच्या उपसागराला जातं. एकाच दिवशी, एकाच ढगातून पडलेला पाऊस वऱ्हाडातून दोन समुद्रांकडे निघतो. या प्रदेशाचं मध्यवर्ती स्थान नकाशा न उघडताही त्यावरून ध्यानात येतं. पश्चिमेची खानदेशी वाट, उत्तरेची माळवा-निमाडची, दक्षिणेची तेलंगणाची आणि पूर्वेची नागपूर-छत्तीसगडची, अशा सगळ्या वाटा इथं येऊन भिडतात.

या भूमीची एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे खारपाणपट्टा. भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर अशा तालुक्यांतल्या शेकडो गावांत विहीर खोदली की पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. तेच पाणी रानाला दिलं तर माती बिघडते. वाळली की ढेकळं दगडासारखी होतात. म्हणून इथल्या शेतकऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे बघून शेती केली. मृगात कापूस, ज्वारी, तूर, मूग पेरायचा. पावसाळा सरला की मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर हरभरा घ्यायचा. गोडं पाणी गावतळ्याचं किंवा नदीतल्या झिऱ्याचं, अलीकडे दूरच्या धरणावरून येणाऱ्या नळयोजनेचं आणि तेही नसेल तेव्हा टँकरचं. हे पाणी जात पाहून खारं होत नाही. शेतकरी कुणबी असो, माळी असो, मुसलमान असो की बौद्ध, पट्ट्यात राहतो म्हटल्यावर त्याचं पीक, त्याची पेरणीची घाई, त्याचं कर्ज आणि त्याची तहान एकाच साच्यातली असते. भूमी माणसाला घडवते असं मी म्हणतो ते या अर्थानं. हवेवरून स्वभाव ठरवणारी जुनी गॅझेटिअरी कल्पना मला मान्य नाही. वऱ्हाडी माणूस सुस्त की उदार हे जमिनीच्या रंगावरून ठरत नसतं. जमीन काम ठरवते, कामातून सवयी पडतात, आणि सवयींतून माणसं एकमेकांची होतात.

भूमीची हद्दही पुराणी आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात विदर्भाचं राज्य दोन चुलतभावांत वाटलं जातं आणि वाटणीची सीमा ठरते वरदा नदी, म्हणजे आपली वर्धा. त्यानंतर कितीतरी शतकांनी, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावला इंग्रज सेनापती वेलस्लीनं भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्या तहानं नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. नाटककाराची सीमा आणि तहाची सीमा एकच निघाली, कारण दोघांच्याही आधी ती नदीनं आखलेली होती. अमरावती आणि वर्धा या जिल्ह्यांमध्ये आजही ती वाहते आहे.

आलेले आणि राहिलेले

या हद्दीच्या आत माणसं कोण होती? सातपुड्यात, अमरावती जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या धारूळच्या डोंगरातली चित्रं असलेली शैलगृहं २००७ साली अमरावतीच्या निसर्गप्रेमींच्या एका गटाला सापडली. खडकावर जनावरं रंगवणाऱ्या त्या माणसांची भाषा आपल्याला माहीत नाही आणि त्यांचं कूळ सांगणारा कोणी उरलेला नाही. तरी या मुलखातली पहिली खूण त्यांचीच. वर्धेकाठचं कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर म्हणून प्रसिद्ध असलेलं गाव, उत्खननात फार जुन्या वस्तीचं ठिकाण ठरलं. पुढं वाकाटक आले. त्यांची एक शाखा नागपूरजवळच्या नंदिवर्धनात आणि दुसरी वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीमला. वाशीमच्या शाखेतल्या हरिषेणाच्या काळात, त्याचा मंत्री वराहदेव याच्या दानातून, अजिंठ्याचं एक लेणं कोरलं गेलं. नंदिवर्धनच्या घराण्यात पाटलीपुत्राच्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता सून म्हणून आली आणि पुढं तिनं राज्यकारभारही चालवला. म्हणजे विदर्भाच्या ज्या राजवंशाचा आपण सर्वांत अभिमानानं उल्लेख करतो, त्याच्या रक्तातच गंगेकाठचा वाटा आहे.

तेराव्या शतकाकडे या. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर म्हणजे महानुभावांची काशी. श्रीगोविंदप्रभू तिथले; पण पंथाला आकार देणारे श्रीचक्रधर गुजरातेतल्या भडोचचे, राजघराण्याशी संबंधित प्रधानाचे पुत्र. त्यांच्या लीळा म्हाइंभटानं रिद्धपुरात बसून १२७८ च्या सुमारास लिहून काढल्या आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ 'लीळाचरित्र' सिद्ध झाला. मराठी भाषेचं विद्यापीठ आता रिद्धपूरला उभं राहिलं आहे ते याच वारशावर. मराठी गद्याची ही गंगोत्री वऱ्हाडातली आणि तिच्या केंद्रस्थानी असलेला पुरुष जन्मानं गुजराती. याला विसंगती म्हणण्याचं कारण नाही. चक्रधरांनी लोकांची भाषा आपली केली आणि लोकांनी त्यांना आपलं केलं, एवढाच त्याचा अर्थ.

कुळाचा हट्ट कुठवर जातो याचा धडा देणारी घटना मात्र सोळाव्या शतकातली आहे. बहमनी राज्य फुटलं तेव्हा वऱ्हाडात १४९० मध्ये फतहुल्ला इमादउल्मुल्कानं स्वतंत्र गादी स्थापन केली. राजधानी अचलपूर, बळ गाविलगड आणि नरनाळा किल्ल्यांचं. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला कानडी ब्राह्मण मुलगा. लढाईत पकडला गेला आणि पुढं वाढत वाढत सरदार झाला. शेजारच्या अहमदनगरची निजामशाहीही अशीच. तिच्या संस्थापकाचं घराणं पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांचं. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या राज्यात होती. आपल्या पूर्वजांचं गाव आपल्याकडे असावं म्हणून बुरहान निजामशहानं त्याची मागणी केली, इमादशहानं नकार दिला आणि त्यावरून युद्ध पेटलं. १५१८ मध्ये पाथरी अहमदनगरनं घेतली. दोन्ही राजे मुसलमान, दोघांचेही पूर्वज ब्राह्मण, एकाचं मूळ कर्नाटकात तर दुसऱ्याचं गोदावरीकाठी, आणि लढणारी रयत मात्र वऱ्हाडची. पूर्वजांच्या गावासाठी माणसं मेली. त्या गावात पिकवणाऱ्यांना मात्र कोणी विचारलं नाही. अकबराच्या काळात वऱ्हाडचा सुभा झाला तेव्हा पाथरी, माहूर, बैतूलकडचं खेरला असे आज वऱ्हाडाबाहेर गेलेले मुलूखही त्यात होते. बाळापूरला मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर मिर्झाराजे जयसिंगाच्या नावानं ओळखली जाणारी छत्री उभी आहे. आमेरच्या राजपुताची ती खूण आज अकोल्याच्या मुलखाचा भाग झाली आहे.

मग बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ वाहणारे बंजारा आले. त्यांची बोली राजस्थानी कुळातली, आणि त्यांचं सर्वांत मोठं श्रद्धास्थान वाशीम जिल्ह्यातलं पोहरादेवी. पेंढाऱ्यांच्या धास्तीनं अमरावतीच्या व्यापारी वस्तीभोवती निजामाच्या राजवटीत परकोट बांधला गेला. त्याचे दरवाजे आजही शहरात आहेत. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारांना भरती आली. रेल्वे आली, जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने आले, मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी आले, मजूर आले. या मारवाडी कुटुंबांपैकीच एकात वाढलेले अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी पुढं 'विदर्भ केसरी' म्हणून ओळखले गेले आणि महाविदर्भाच्या मागणीचे प्रमुख पुरस्कर्ते झाले. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबानं शेगाव स्टेशनवर विकायला सुरू केलेली कचोरी आज वऱ्हाडी माणूस परगावच्या पाहुण्याला प्रेमानं नेऊन देतो. आणि त्याच शेगावात १८७८ साली प्रकटलेले गजानन महाराज कुठून आले हे कोणालाच ठाऊक नाही, कोणी विचारतही नाही. लाखो वऱ्हाडी घरांत ज्यांचा फोटो आहे, त्यांचं कूळ अज्ञात आहे.

बोली आणि रक्त

कुळाच्या बाजूनं बोलणारा म्हणेल की राजे, संत, व्यापारी हे वरवरचे थर; खालची रयत तर एकच असेल. रयतेचा पुरावा तिच्या बोलण्यात सापडतो. 'मले', 'तुले', 'कायले' हे वऱ्हाडी बोलणं. डोळ्याचा 'डोया', केळ्याचं 'केयं'. या लकबी वऱ्हाडात सुरू होत नाहीत आणि तिथं संपतही नाहीत. 'ले' हा प्रत्यय पश्चिमेला खानदेशच्या अहिराणीत भेटतो आणि पूर्वेला नागपूरकडेही. ग्रिअर्सननं भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या मराठी खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी जवळजवळ एकाच बोलीची रूपं मानली ती याचसाठी. बोली गावागणिक सरकत जाते, कुठंच रेघ मारता येत नाही. 'काय करून राहिला' यातली रचना तर हिंदीच्या सहवासातून रुळलेली, आणि ती घरोघर सगळ्या जातींच्या तोंडी आहे.

अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि यवतमाळ या वऱ्हाडच्याच पाच जिल्ह्यांत मराठीच्या पलीकडे काय आहे ते पाहिलं तर एकाच रक्ताची कल्पना टिकणं कठीण होतं. मेळघाटातले कोरकू मुंडा कुळातली भाषा बोलतात. तिचे जवळचे नातलग झारखंडात आहेत. गोंडी आणि यवतमाळकडची कोलामी या द्राविडी. बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला आणि निमाडच्या सीमेवर बोलली जाणारी निहाली तर जगातल्या कोणत्याच भाषाकुळात बसत नाही. जगाच्या पाठीवर अशा एकाकी भाषा मोजक्याच आहेत, आणि त्यातली एक आपल्या अंगणात आहे. आर्य, द्राविडी, मुंडा आणि यांपैकी कशातच न बसणारी, असे भाषांचे चार प्रवाह एका विभागीय आयुक्तालयाच्या हद्दीत नांदतात. ज्या मुलखात बोलण्याचाच उगम एक नाही, तिथं बोलणाऱ्यांचा उगम एक कसा असेल?

रक्ताचा अभ्यासही हेच सांगतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेतले कुमारस्वामी थंगराज आणि लालजी सिंग, तसंच हार्वर्डचे डेव्हिड राइख यांच्या २००९ च्या संशोधनानं दाखवलं की भारतातले बहुतेक समाज किमान दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत. २०१३ च्या पुढच्या अभ्यासानुसार हे मिश्रण साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात मोठ्या प्रमाणावर झालं. त्यानंतर जातीतल्या जातीत लग्नं करण्याची चाल घट्ट झाली. मुंडा भाषिकांच्या पितृवंशात आग्नेय आशियाचा ठसा मिळतो. म्हणजे शुद्ध कोणीच नाही. जो तो मिश्र आहे, फरक मिश्रणाच्या प्रमाणाचा.

आणि साधा हिशेब करून पाहा. माणसाला आईबाप दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. वीस पिढ्या मागं, म्हणजे साधारण इमादशाहीच्या काळात, ही संख्या १० लाखांच्या वर जाते. १८६७ साली वऱ्हाडची पहिली शिरगणती झाली तेव्हा सगळी लोकसंख्याच सुमारे २२ लाख भरली होती. त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी ती किती असेल? साहजिकच तेच ते पूर्वज पुन्हा पुन्हा मोजले जातात आणि वंश एकमेकांत गुंतत जातात. कुळाचा इतिहास या १० लाख वाटांपैकी एकच वाट सांगतो, बापाच्या बापाची. आईची, आजीची, पणजीची माहेरं त्यात नसतात. आणि माहेर तर बैलगाडीनं एक-दोन मुक्कामांत गाठता येईल असंच असायचं. सोयरीक जातीत व्हायची, पण खोऱ्यात व्हायची. ज्या नातेसंबंधांना आपण रक्ताचे म्हणतो, त्यांची लांबी-रुंदीही रस्त्यानं, नदीच्या उतारानं आणि आठवडी बाजारानं ठरवलेली होती.

हा घोळ आपल्याकडेच आहे असं नाही. रशियन माणूस मूळचा कुठला, यावर तिकडे अडीचशेहून अधिक वर्षं भांडण चाललं आहे. जुन्या बखरीनुसार ८६२ साली नोव्हगोरोदच्या लोकांनी समुद्रापलीकडून रुरिकाला राज्य करायला बोलावलं. १७४९ मध्ये पीटर्सबर्गच्या विद्वत्सभेत म्यूलर या जर्मन इतिहासकारानं रशियन राज्याचा उगम स्कँडिनेव्हियातून आलेल्या वारांगियनांशी जोडला, तेव्हा रशियन विद्वान लोमोनोसोव्हनं त्याला कडाडून विरोध केला; राष्ट्राचा अपमान झाला असं त्याला वाटलं. पुढच्या शतकांत भाषेनं आणि शास्त्रानं जे दाखवलं ते दोघांच्याही म्हणण्यापेक्षा मोठं होतं. ओका-मोस्क्वाच्या परिसरात स्लाव्ह येण्याआधी बाल्टिक आणि फिन्निक लोक राहत होते. मेऱ्या, मुरोमा असे लोक हळूहळू रशियन झाले. उत्तरेकडचे रशियन वंशानं आजही त्यांच्या फिन्निक शेजाऱ्यांशी जवळीक दाखवतात, असं २००८ च्या जनुकीय अभ्यासात आढळलं. आणि ज्याला रशियन भाषेचा आत्मा मानतात त्या पुश्किनचे पणजोबा आफ्रिकेतून आणलेले होते. जंगलं, नद्या आणि लांब हिवाळे यांच्या त्या मुलखात वेगवेगळ्या वंशांची माणसं एका बोलीत आणि एका जगण्यात शिरली, आणि रशियन झाली. मात्र त्याच इतिहासात एक इशारा आहे. उगमाचा वाद जेव्हा जेव्हा सत्तेच्या हाती पडला, तेव्हा शेजाऱ्याच्या भूमीवर हक्क सांगायला तो वापरला गेला. पाथरीच्या लढाईचं ते मोठं रूप आहे.

आक्षेप

पहिला आक्षेप जातीचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. कोणी म्हणेल, खोऱ्यानं सगळ्यांना एक केलं हे बोलणं गोड आहे; पण विहीर वेगळी, मसणवटा वेगळा, गावाच्या पूर्वेला महारवाडा हे याच खोऱ्यात होतं. माणसाचं नशीब कुळानंच ठरवलं, भूमीनं नाही. हे खरं आहे आणि झाकण्यासारखं नाही. पण यातून जे सिद्ध होतं ते असं की कूळ ही सत्ता होती. ते सत्य होतं असं सिद्ध होत नाही. अमरावतीतल्या लढ्यानं हा फरक स्वच्छ केला. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद झाली, तेव्हा शहरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटलेला होता. डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे नेते त्या मागणीच्या बाजूनं उभे राहिले. त्या मागणीचं मर्म माझ्या मते असं की अंबादेवी ज्या गावची, त्या गावात जन्मलेल्या प्रत्येकाची. दार अडवणाऱ्यांचा आधार कूळ होता, दार मागणाऱ्यांचा आधार गाव होता. खोऱ्याची ओळख ही झालेल्या एकीची स्तुती नव्हे. ती अजून पुरी न झालेल्या न्यायाची मागणी आहे.

दुसरा आक्षेप आदिवासींचा. भूमीचीच ओळख मानायची तर सर्वांत आधीचे जे, त्यांचा हक्क मोठा नाही का? वाटेकरी सगळे सारखे म्हटलं तर धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकूंचं प्राचीनपण पुसलं जाणार नाही का? हा धोका खरा आहे. पण माझ्या युक्तिवादातून त्यांचा हक्क कमी होत नाही, वाढतो. जंगलातल्या पायवाटा, मोहाचा हंगाम, नाल्यांचे उतार यांचं जे ज्ञान त्यांच्याकडे आहे ते त्या भूमीत अखंड राहण्यातून आलं आहे. त्यांचा दावा वंशाच्या टक्क्यांवर उभा नाही. तो वस्ती, श्रम आणि ज्ञान यांवर उभा आहे, आणि याच कसोटीवर तो कोणत्याही सरकारी व्याख्येपेक्षा भक्कम ठरतो. वऱ्हाडी म्हणवून घेताना आपण मेळघाटाला सहलीचं ठिकाण समजत असू, तर चूक आपल्या व्याख्येत आहे.

तिसरा आक्षेप राजकारणाचा: प्रदेशही कृत्रिम असतात, तहसीलदार आणि तह त्यांच्या रेघा मारतात. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आलं, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार, स्वतंत्र विदर्भाची शिफारस करणारा १९५५ चा फाजल अली आयोगाचा अहवाल, ही सारी माणसांनी केलेली वाटणी. मग भूमीची ओळख तरी खरी कशी? उत्तर असं की रेघा बदलतात, पण ज्या गोष्टींमुळे रेघा पुन्हा पुन्हा त्याच जागी येतात त्या बदलत नाहीत. सिंचनाचा अनुशेष मोजला गेला तेव्हा अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा हे चार जिल्हे एकत्र मागे राहिलेले दिसले. या चौघांना जोडणारी गोष्ट म्हणजे पूर्णेचं खोरं आणि त्याच्या कडेचं पठार. कुठल्या पक्षानं किंवा ज्ञातीनं तो गट बांधला नव्हता. मी इथं स्वतंत्र विदर्भाच्या बाजूनं किंवा विरोधात बोलत नाही. एवढंच म्हणतो की ती मागणी असो वा तिला विरोध असो, तिचा पाया अनुशेष, पाणी, कापसाचा भाव असा भूमीचा असेल तर ती तपासता येते. मूळचे आणि उपरे असा वंशाचा असेल तर तिला अंत नसतो. ज्या बियाणींनी विदर्भाचा झेंडा उचलला त्यांनाही त्या मापानं उपरं ठरवावं लागेल.

चौथा आक्षेप आजचा आहे. पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेल्या, खारपाणपट्टा कधी न पाहिलेल्या मुलानं वऱ्हाडी असण्याचं कारण काय? खोऱ्यात राहत नाही तर तो वऱ्हाडी नाही असं म्हणणं निष्ठुर होईल. पण त्याची ओळख केवळ आडनावात उरली असेल तर ती उरली नाही असंच धरावं. बोली, घरचे रोडगे, शेतीशी असलेलं देणंघेणं, गावच्या पाण्याबद्दलची चिंता यांपैकी काही त्यानं जिवंत ठेवलं, तर खोऱ्यातून दूर राहूनही तो वऱ्हाडी आहे. उलट, दोन पिढ्यांपूर्वी बिहारातून किंवा तेलंगणातून येऊन अकोल्याच्या जिनिंगमध्ये राबलेल्या माणसाचं पोर 'मले नाई माहीत' म्हणत असेल, तर त्याला वऱ्हाडी म्हणायला आपल्याला वेळ लागण्याचं कारण नाही. ओळख वारशानं मिळते हे खरं, पण ती टिकते वागण्यानं, आणि वागण्यानंच नव्यानं मिळवताही येते.

हक्क

२०११ च्या जनगणनेत या पाच जिल्ह्यांची लोकसंख्या १ कोटी १२ लाखांच्या वर भरली. एवढ्या माणसांना एका पूर्वजाच्या नावाखाली उभं करणं अशक्य आहे आणि तसं करू पाहणं धोक्याचंही आहे. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट हाताशी आहे. ती म्हणजे एक खोरं, एका हंगामाची घाई, एकमेकांना समजणारी बोली आणि शेकडो वर्षं आलेल्याला जागा देण्याची रीत. कूळ माणसाला मागं नेतं आणि एका टप्प्यावर सोडून देतं. खोऱ्याचं नातं त्याच्यावर जबाबदारी टाकतं. आपण वऱ्हाडी आहोत म्हणजे पट्ट्यातल्या प्रत्येक घरात गोडं पाणी पोचलं पाहिजे हा आपला प्रश्न आहे. निहाली आणि कोरकू शाळेत शिकवल्या जाव्यात, नोंदल्या जाव्यात हाही आपलाच प्रश्न आहे. रिद्धपूर, बाळापूर, अचलपूर, पोहरादेवी आणि कौंडण्यपूर हा एकच वारसा आहे असं पाठ्यपुस्तकात लिहिलं जावं, यासाठी बोलायलाही आपणच हवं.

"कोनातले?" हा दुसरा प्रश्न म्हणूनच सोडून द्यावा. त्याचं खरं उत्तर कोणाकडेच नाही, आणि जे उत्तर दिलं जातं त्यानं आजवर माणसं दारातच थांबवली गेली आहेत. पहिला प्रश्न मात्र मनापासून विचारावा आणि तिथं थांबू नये: कोणतं गाव, तिथं पाणी कसलं, यंदा पेरलं काय, शाळा कितवीपर्यंत? या उत्तरांवर एकमेकांशी बांधला गेलेला समाज म्हणजे वऱ्हाड. त्यात कोण मूळचा आणि कोण आलेला हा हिशेब कोणाच्याही उपयोगाचा नाही. या खोऱ्याच्या सुखदुःखात ज्याचा वाटा आहे तो वऱ्हाडी, आणि त्याचा या मातीवर, या पाण्यावर पूर्ण हक्क आहे.